शंभू शेळी शोधतो

वाडी, ता. आटपाडी
९ नोव्हेंबर २०२४

वसीम,

मोठ्या माणसानं पत्राच्या सुरुवातीला आशीर्वाद लिहायचा असतो, म्हणून लिहिते. मनापासून आहे का, ते विचारू नकोस. तुझा फोन बंद येतो. तासगावला तुझ्या इलाही मामांना फोन केला. त्यांनी आधी बेदाण्याचा भाव सांगितला, मग द्राक्षावरची कीड सांगितली, आणि मी काहीच बोलेना तेव्हा हळूच तुझा पत्ता दिला. खंडाळ्याकडे कारखान्यात लागलास म्हणे. खंडाळा म्हणजे काय दुबई आहे का? पहाटेच्या एसटीत बसलास तर दुपारच्या भाकरीला आमच्याकडे पोचशील. पण ज्याला यायचंच नसतं त्याला शेजारचं दारही लांब पडतं.

आता कामाचं. तू आणि आमच्या शंभूनं मिळून बनवलेला डबा अजून चालतो. गोडेतेलाचा पत्र्याचा डबा, आत मोटारसायकलचा दिवा, पुढं भिंग, मागं फवारणी पंपाची बॅटरी, आणि शिंप्याच्या दोन रिळांवर गुंडाळलेली चित्रांची फीत. ज्यांच्या पैशातून तो झाला ती सांगलीच्या संस्थेतली माणसं त्याला प्रोजेक्टर म्हणतात. आमच्या बाया डबाच म्हणतात, आणि भिंतीवर जे एकेक चित्र पडतं त्याला पाटी. वीज असो नसो, डबा लागतोच. एवढं तुझं कौतुक करायला माझी हरकत नाही.

जूनपासून प्रौढ बायांचा वर्ग मीच घेते. शंभू गेल्यावर चार महिने तो बंदच होता. कुणीतरी उभं राहायला हवं होतं. गावात बारावी झालेली, सासर-माहेर एकाच गल्लीत असलेली आणि नवऱ्याला न विचारता संध्याकाळी घराबाहेर पडणारी मी एकटीच निघाले. अंगणवाडीचं आवरते, दिवस मावळला की आईच्या अंगणात बाया जमतात, आणि घराच्या बाजूच्या पांढऱ्या भिंतीवर आम्ही वाचतो. शेतात, रोजगारावर दिवसभर वाकलेल्या बाया, तरी येतात.

अडचण एकच. फितीवरची एक पाटी फिकट पडत चालली आहे. बाकीच्या चांगल्या आहेत, फक्त 'श'ची गेली. चेहरा पिवळा पडलाय, शर्टाचा निळा रंग ओळखू येत नाही. मूळ फोटो तुझ्याकडे असणार, कारण ज्या फोनमध्ये आमच्याकडे होता त्या फोनचं काय झालं ते तुला ठाऊक आहे. तेवढी एक पाटी नवी छापून पाठव. पोस्टानं आली तरी चालेल, तू यायलाच हवंस असं नाही.

आई बरी आहे. तू विचारलं नाहीस, तरी सांगते.

संयोगिता


२ डिसेंबर २०२४

वसीम,

उत्तर नाही आणि पाटीही नाही. कदाचित कुठली पाटी ते तुझ्या ध्यानात आलं नसेल, असं धरून चालते. सोंग घ्यायचंच तर दोघांनीही घेऊ.

फोटो तूच काढला होतास. शंभू कपाळावर आडवा हात धरून माळाकडे लांब बघतोय, आणि त्याच्या पाठीमागं आमची कबरी शेळी त्याच्या शर्टाचं टोक चघळत उभी आहे. खाली हाताएवढ्या अक्षरांत लिहिलंय, 'शंभू शेळी शोधतो'. पहिल्यांदा तू फीत उलटी बसवलीस आणि शंभू भिंतीवर खाली डोकं वर पाय असा लटकला. रशीदाचाचीनं हसता हसता पदर तोंडात कोंबला होता. मग सरळ केलीस, तर सगळ्या बाया ओरडायला लागल्या, "मागं बघ रं शंभ्या, मागं हाय." त्या दंग्यातच निम्म्या जणींना 'श' आला.

मग तुम्हा दोघांना खूळ सुचलं. शंभू भिंतीला पाठ लावून उभा राहिला आणि तू डबा मागं-पुढं सरकवत बसलास, चित्रातलं डोकं खऱ्या डोक्याला आणि चित्रातली टाच खऱ्या टाचेला जुळेपर्यंत. जुळलं तिथं डब्याखाली दगड पुरलात. मी म्हणाले होते, हाताला काम नाही काय रं तुमच्या? तो दगड अजून तिथंच आहे. त्यामुळे आमचा शंभू रोज संध्याकाळी आपल्या पुऱ्या उंचीनं भिंतीला उभा असतो.

घरात त्याचा दुसरा फोटो आहे तो आधार कार्डावरचा मोठा करून चौकटीत घातलेला. त्यात तो पोलिसांनी धरून आणल्यासारखा दिसतो. पोरांनी स्टँडवर फ्लेक्स लावला होता, भावपूर्ण श्रद्धांजलीचा. वाऱ्यानं त्याची एक बाजू सुटली, मग तो कुठं गेला कुणाला कळलं नाही. पावसाळ्यात आईला तो दिसला. एकाच्या कडब्याच्या गंजीवर घालून दोऱ्यांनी आवळला होता. आई तिथं थांबली नाही, कुणाला बोलली नाही, घरी येऊन चुलीपुढं बसली. गंज कुणाची ते लिहीत नाही. त्यांचाही कडबा भिजत होता.

तू विचारशील, एकच पाटी का विटली. ती जास्त वेळ लागते म्हणून. दिव्याच्या उजेडानं रंग उडतो, हे तूच सांगितलं होतंस. आणि नियम तर शंभूचाच आहे. वर्गातल्या एकूण एक बाईनं वाचल्याशिवाय पाटी पुढं सरकवायची नाही. शाळेत गुरुजी पुढं निघून गेले आणि हा मागं राहिला, ते त्याला जन्मभर लागून राहिलं होतं. संस्थेला हा नियम इतका आवडला की त्यांनी तो छापून घेतला. आमच्या बायांना 'श' जड जातोय, म्हणून ती पाटी राहते. एवढंच आहे.

पाठव.

संयोगिता


२३ डिसेंबर २०२४

वसीम,

मागच्या पत्रात मी खोटं लिहिलं. बायांना 'श' मुळीच जड जात नाही.

आम्ही आटपाडीच्या बाजाराला गेलो होतो, आई आणि मी. माझी चप्पल तुटली म्हणून मी चांभाराकडे गेले आणि आई स्टँडवर पिशव्या राखत बसली. परत आले तोवर एक गाडी लागली होती आणि लोक आमचीच गाडी समजून दाराला लोंबकळत होते. मीही पिशवी उचलली. आई जागची हलली नाही. म्हणाली, "ती शेटफळ्याची हाय. आपली न्हवं." कुणी पुकारलं नव्हतं. कंडक्टर खाली उतरलाच नव्हता. नुसती पाटी लावलेली होती.

आमची गाडी आली, बसलो, गाव मागं पडलं, तेव्हा विचारलं, "आई, तुला वाचाय येतंय?"

ती खिडकीतून डाळिंबाच्या बागा बघत राहिली.

"कवापसनं?"

"दिवाळीच्या आदीपसनं."

"मग वर्गात का म्हणतीस, येत न्हाई म्हणून?"

"वाचलं तर तू फुडं सरकीवशील," आई म्हणाली. "सगळ्यांनी वाचलं की पाटी जाती. पाटी गेली की त्यो जातोय."

बाजूला भाजीवाली बसली होती, तिच्यापुढं मला रडायचं नव्हतं. मी तिकिटाची घडी घालत बसले.

आणि वसीम, हे एकटीचं नाही. सगळ्यांना माहीत आहे. फक्त मलाच उशिरा कळलं, मी मास्तरीण ना. आता रोज बघते. रशीदाचाचीची पाळी येते, ती भिंतीकडे बघते, मग माझ्या आईकडे बघते आणि म्हणते, "श... शे... बया, न्हाईच येत." ती बाई घरी नातवाच्या वहीतल्या चुका काढते. एक झाली की दुसरी. सगळ्या अडखळतात, आणि मी म्हणते, बरं, उद्या परत हीच पाटी घेऊ. एकदाही कुणी चेहऱ्यावर दाखवत नाही. गावात एरवी एक गोष्ट तोंडात राहत नाही, पण ही राहिली.

कधी कधी आई उठून भिंतीजवळ जाते. डब्याच्या आणि भिंतीच्या मध्ये आलं की सावली पडते आणि नेमका तो असतो तिथंच काळं होतं. सुरुवातीला तिला ते कळायचं नाही. हात लावायला पुढं झाली की शंभू नाहीसा, मागं सरली की परत उभा. मी तिला दोनदा हाताला धरून बसवलं. आता ती भिंतीला घासून कडेकडेनं जाते आणि फक्त त्याच्या कोपराला बोट लावते. तेवढंच सावलीशिवाय मिळतं.

तू म्हणशील, मग नियम मोडून टाक, सरकव पुढं. मी दोनदा रिळाला हात घातला. तो माझा भाऊ होता रे. माझ्याच्यानं झालं नाही.

यात एकीचं वाटोळं होतंय तेही लिहायला हवं. रेश्मा म्हणून नवी सून आहे. तिचा नवरा गलाईच्या कामाला तिकडं तमिळ मुलखात असतो, सोनं-चांदी गाळायच्या दुकानात. तो फोनवर लिहून पाठवतो आणि तिला ते पुतण्याकडून वाचून घ्यावं लागतं. नवऱ्यानं बायकोला लिहिलेलं पुतण्यानं वाचायचं, काय सांगू. ती पहिल्या दिवसापासून घाईत होती. आता तीही महिना झाला 'श'वर अडखळते. परवा जाताना एवढंच म्हणाली, "ताई, फुडं कंची अक्षरं हायत ती तरी सांगा." मी तिला सांगितलं नाही. पुढं 'स' आहे, 'ह' आहे, 'ळ' आहे, संपतच आलं होतं. जुन्या बायांनी ती शंभूच्या वेळीच बघितलेली, हिला कुणी दाखवलेली नाहीत.

पाटी आणखी विटली आहे. आता शेळी शंभूपेक्षा जास्त स्पष्ट दिसते.

संयोगिता


१४ जानेवारी २०२५

वसीम,

संक्रांतीचे तिळगूळ पाकिटात घातले असते, पण पोस्टात चुरा होतो. आणि गोड बोलायचं माझ्या मनात नाही.

संस्थेच्या सोनम मॅडम येऊन गेल्या. वयानं लहान आहेत, पोरगीच. खाली सतरंजीवर बसल्या, आईच्या हातचा चहा प्यायल्या, तक्रारीला जागा नाही. म्हणाल्या, फेब्रुवारीत परीक्षा आहे. ज्या केंद्रातल्या बाया पास होतील त्यांना दुसऱ्या भागाची नवी फीत मिळणार, त्यात बँकेचे कागद, औषधाच्या चिठ्ठ्या, एसटीचं वेळापत्रक असं सगळं आहे. आणि पहिली फीत परत द्यायची, ती पुढच्या गावाला जाणार.

मॅडम गेल्या आणि अंगणात कुणी उठेना. शेवटी रशीदाचाची म्हणाली, "मग पास व्हायचंच न्हाई. नापास झालं की त्याच वर्गात बसवत्यात. आमचा इरफान दोन साल चौथीत हुता, तीच पुस्तकं, त्योच बाक."

सगळ्यांना ते पटलं. मलाही पटलं, वसीम. या बायांनी शाळा बाहेरूनच बघितली. त्यांना शाळेचा एवढाच कायदा ठाऊक, आलं नाही की तिथंच बसायचं. मी तरी बारा वर्षं शाळेत बसून दुसरं काय शिकले? आई कोपऱ्यात बसून वाती वळत होती. तिनं मान वर केली नाही, पण वात तिच्या हातात तशीच राहिली.

आता जे इतके दिवस लिहिलं नाही ते लिहिते. त्या संध्याकाळला वर्ष व्हायला आलं. दुसऱ्या दिवशी संस्थेचे पाहुणे येणार, बाकीच्या गावांना डबे वाटायचे, म्हणून तू तासगावात ते तयार केलेस आणि शंभू संध्याकाळी मोटारसायकलच्या मागं बांधून निघाला. रस्त्यात उसाची ट्रॉली बंद पडून उभी, मागं ना दिवा ना लाल पट्टी. एवढे दिवे पाठीशी बांधलेला माणूस अंधारावर जाऊन आपटला. लोक म्हणतात, त्या वसीमनं सकाळी जा म्हणायला हवं होतं. मातीला तू आलास, वेशीजवळच उभा राहिलास आणि कुणी बोलवायच्या आत निघून गेलास. म्हणून लोक तसं म्हणतात. मी म्हणत नाही.

पाटी पाठव. आता फार दिवस नाहीत तिच्यात.

संयोगिता


१८ फेब्रुवारी २०२५

वसीम,

परीक्षा झाली. वर्षश्राद्धाच्या आदल्या दिवशी आली.

सोनम मॅडम आणि त्यांच्याबरोबर एक चष्म्याचे साहेब होते. एकेकीला पुढं बोलावलं, हातात कागद दिला, वाचा म्हणाले. पहिली रशीदाचाची. कागद उलटा धरला. मला वाटलं, हे जरा जास्तच झालं. साहेबांनी कागद सरळ करून दिला, तर म्हणाली, डोळ्यांनी दिसत न्हाई. मागच्या आठवड्यात तिनं माझ्यासमोर सुईत दोरा ओवला होता. मग एकेक करत सगळ्या. कुणी खोकली, कुणी लाजली, एकीनं तर साहेबांनाच विचारलं, तुमीच सांगा की हो.

रेश्माची पाळी आली तेव्हा मी खाली बघायला लागले. तिनं कागद हातात घेतला आणि तिचे ओठ हलायला लागले, मी बघितले, ती मनात वाचत होती. येतील ती अक्षरं जुळवत शेवटपर्यंत गेली ती. मग माझ्या आईकडे वळून बघितलं आणि कागद परत दिला. "न्हाई येत," म्हणाली. आवाज इतका बारीक की साहेबांनी परत विचारलं, तर परत तेच म्हणाली.

आई सगळ्यात शेवटी. साहेबांनी विचारलं, आजी, एखादं तरी अक्षर ओळखता का? आई म्हणाली, "आडाणी मानूस साहेब, कशाला इचारता." साहेबांनी पेन बंद केलं. सोनम मॅडम माझ्याकडे बघत होत्या आणि त्या नजरेनं मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मास्तरीण कामाची नाही, एवढंच त्यांनी समजून घेतलं असणार.

ते गेले आणि बायांना असं काही उधाण आलं की काय सांगू. एकमेकींची नक्कल काढत होत्या, कुणी कसा कागद धरला, कोण कसं खोकलं. कुणीतरी शेंगदाण्याचे लाडू आणले. संध्याकाळी डबा लावला, शंभू भिंतीवर आला, विटका, पिवळा, पण आला. एक वर्षानं कुणीतरी परत ओरडलं, "मागं बघ रं शंभ्या." आई हसली. तिला हसताना बघून मीही हसले, आणि रेश्मा बसली होती तिकडं बघायचं टाळलं.

तू असतास तर तुला आवडलं असतं. तू होतास कुठं?

संयोगिता


१० मार्च २०२५

वसीम,

केंद्र बंद केलं.

सकाळी संस्थेची जीप आली. सोनम मॅडमनी मला बाजूला घेऊन सांगितलं, एकही बाई पास नाही, वर्षभराची प्रगती शून्य, असं केंद्र चालवता येत नाही, वर अहवाल गेला. डबे थोडे आणि मागणारी गावं पुष्कळ. मी म्हणाले, नापास झालेल्यांना परत बसवतात ना? त्या म्हणाल्या, ताई, ही शाळा नाही, प्रकल्प आहे. त्या तोडून बोलल्या नाहीत. उलट त्यांचेच डोळे भरले होते, वर्ग माझा होता तितकाच त्यांचाही होता.

आईनं दारातून ऐकलं. मला वाटलं ती रडेल, नाहीतर डब्याला मिठी मारेल. ती अंगणात आली, जीपच्या पुढं गेली आणि जीपवर लिहिलेलं वाचायला लागली. संस्थेचं नाव, गावाचं नाव, फोन नंबर. मग दारामागच्या पोत्यावरचं वाचलं. मग कॅलेंडरावरचं. रशीदाचाची धावत आली, तिला बघून बाकीच्याही आल्या, आणि सगळ्या एकदम वाचायला लागल्या, जे दिसेल ते, साबणाचा कागद, औषधाची बाटली, एकमेकींच्या वर चढून. वसीम, भीक मागताना माणसं जसं बोलतात तसं त्या वाचत होत्या.

सोनम मॅडम दोन्ही हात तोंडावर ठेवून उभ्या राहिल्या. "आजी," म्हणाल्या, "हे तेव्हा का नाही वाचलंत?"

"नापास केलं की त्याच वर्गात बसवत्यात, आसं वाटलं आमाला," आई म्हणाली. "आता पास करा बाई. आमी चुकलो."

मॅडमनी तिथूनच फोन लावला. बराच वेळ बोलत होत्या, अंगणाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत चालत. मग फोन ठेवला आणि मान हलवली. डबा दुसऱ्या गावाला लावून झाला होता, नाव कागदावर चढलं होतं. कुठं, विचार. खंडाळा तालुक्यात. तुझ्या कारखान्यापासून किती लांब असेल?

आईनं विचारलं, नुसती फीत ठेवता का? फीत डब्याबरोबरच मोजलेली होती. तिकडच्या बाया आता आमच्या शंभूला बघून हसतील, 'श' शिकतील आणि दहा मिनिटांत पुढं सरकतील. तसंच व्हायला हवं, शिकण्याची रीतच तशी आहे, मला कळतं. तरी जीप वळणावर गेली तेव्हा आई तिच्यामागं चार पावलं गेली आणि थांबली. मातीच्या दिवशीही ती वेशीपर्यंतच गेली होती, बायांना पुढं जाऊ देत नाहीत.

रेश्मा सगळ्यात मागं उभी होती. तिनं काहीच वाचलं नाही. तिला 'स' आणि 'ह' आणि 'ळ' अजून कुणी शिकवलेलं नाही. आता मी शिकवीन म्हणाले, पाटी-पेन्सिलवर. ती बरं म्हणाली आणि आली नाही. मी तिच्या जागी असते तर मीही आले नसते.

आता लिहिते. मीही म्हणते वसीम. सकाळी जा म्हणायला हवं होतंस. तू म्हणालाही असशील, आणि त्यानं ऐकलं नसेल, तो कधी कुणाचं ऐकायचा? पण मला ते कोण सांगणार? ते सांगायला एकच माणूस आहे आणि तो फोन बंद करून बसलाय. तुला दोष द्यायचा की सोडून द्यायचं, एवढंही मला ठरवू देत नाहीस.

संयोगिता


५ एप्रिल २०२५

वसीम,

तुझं पाकीट मिळालं. वर्तमानपत्राची घडी, आत प्लॅस्टिक, त्याच्या आत ती पाटी. चिठ्ठी शोधली, घडी उलगडून दोन्ही बाजूंनी बघितली, वर्तमानपत्रसुद्धा वाचून काढलं. चिठ्ठी नव्हती. पाकिटावरचं अक्षर तुझं आहे, तेवढं उत्तर समजते.

रंग सगळे परत आलेत. शर्ट निळा आहे, शेळी कबरी आहे. आईला दिली. तिनं ती काडेपेटीएवढी पाटी तळहातावर घेतली आणि तिला आधी समजलंच नाही काय आहे. मी खिडकीशी नेऊन उजेडासमोर धरून दाखवली. तिनं डोळे बारीक केले, खूप वेळ बघितलं, मग म्हणाली, "केवढासा झाला गं."

मी मोबाइलचा दिवा पाटीमागं धरून बघितलं. भिंतीवर निळा-हिरवा डाग पडला, बाकी काही नाही. भिंग डब्याबरोबर गेलं. इलाही मामांना विचारलं, ते म्हणाले, तसलं भिंग मिळेल, पण किती अंतरावर काय बसवायचं ते त्या पोरालाच माहीत. दगड तुम्ही पुरलात, तो आहे. भिंतही आहे. आई दर दोन दिवसांनी तिला चुन्याचा हात मारते, म्हणते डाग पडले तर चेहऱ्यावर दिसतील.

बाया यायच्या थांबल्या. रशीदाचाची तेवढी चार दिवस येऊन बसली, मग तिच्या सुनेचं बाळंतपण निघालं. आता संध्याकाळी मी आणि आई दोघीच असतो. मी पत्रं लिहिते ते तिला माहीत आहे. तुला काही सांगायचंय का, असं मी विचारलं. ती म्हणाली, "त्याला म्हणावं जेवतोस का न्हाई." तुझ्याबद्दल तिनं वर्षभरात एक वाईट शब्द काढलेला नाही, हे मला आवडत नाही, पण खरं आहे ते लिहिलं.

काल दिवस मावळल्यावर ती नेहमीच्या जागी सतरंजी टाकून बसली, पाटी मुठीत धरून. अक्षरं मुंगीएवढी आहेत, ती तिला दिसत नाहीत. तिनं मोकळ्या भिंतीकडे बघितलं आणि बोट हवेत एकेका अक्षराखालून न्यावं तसं नेत मोठ्यानं वाचलं, एकदाही न अडखळता, "शंभू शेळी शोधतो." मग माझ्याकडे वळली.

"वाचलं मी," म्हणाली. "आता सरकीव फुडं."

माझ्या हातात सरकवायला काहीच नव्हतं, वसीम.

संयोगिता